वाचकांचे प्रश्न : एक सिस्टीम आणि चार रजिस्टरं

या महिन्यात हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवरचेच प्रश्न इतके आले की बाकीचे पुढच्या अंकात ढकललेत. गंमत म्हणजे ट्रस्टी, सिस्टर, डॉक्टर आणि पेशंटची मुलगी असे चौघंही एकाच गोष्टीबद्दल विचारतायत, आणि चौघांनाही वाटतंय की घोडं बाकीच्या तिघांमुळे अडलंय.

प्रश्न : आमचं ट्रस्टचं जुनं हॉस्पिटल आहे, शंभरेक बेडचं. ओपीडी बिलिंगला एक सॉफ्टवेअर, लॅबला दुसरं, एक्सरे-सोनोग्राफीचं तिसरं, मेडिकल स्टोअर टॅलीवर आणि वॉर्डात अजून कागदच. आता बोर्डाने सगळ्याची मिळून एकच सिस्टीम घ्यायचं ठरवलंय. तीन कंपन्यांचे डेमो झाले, तिन्ही छान वाटले. सीनियर डॉक्टर म्हणतात कशाला हवंय, आयटीवाला म्हणतो घ्याच. कुठली घ्यावी?
– एक विश्वस्त, गिरगाव

साहेब, डेमो सगळेच छान असतात. डेमोमधला पेशंट रात्री अडीच वाजता बेशुद्ध येत नाही, त्याच्याबरोबर चार नातेवाईक भांडत नसतात आणि त्याचं नाव कायम एकाच स्पेलिंगने लिहिलेलं असतं. कुठली घ्यावी हे मी सांगत नाही, कारण या निर्णयात तुमचं बोर्ड जेवढा जीव घालतंय तेवढं त्यात काही नाहीये असं माझं मत आहे, आणि हे मी उगाच बोलत नाहीये. अमेरिकेत पिट्सबर्गला मुलांचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथे २००२च्या शेवटी डॉक्टरांच्या औषध-तपासण्यांच्या सगळ्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर आणल्या, अख्खं हॉस्पिटल सहा दिवसांत, धडाधड. २००५मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी पेपर छापला, त्यात दुसऱ्या हॉस्पिटलातून हलवून आणलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण सिस्टीमच्या आधी २.८० टक्के होतं ते नंतरच्या पाच महिन्यांत ६.५७ टक्के झालं असं लिहिलंय. कारणं वाचलीत तर ती इतकी साधी आहेत की भीतीच वाटते. आधी ॲम्ब्युलन्स रस्त्यात असतानाच ऑर्डर लिहून औषधं तयार ठेवायचे, आता मूल दारात येऊन नोंदणी झाल्याशिवाय ऑर्डर घालताच येईना. आयसीयूत हाताशी असलेली औषधं सेंट्रल फार्मसीत हलवली. माणसं स्क्रीनला अडकली, म्हणजे पेशंटजवळचे हात कमी झाले, वर नेटवर्क मंद. आणि मग सिॲटलच्या मुलांच्या हॉस्पिटलने तेच सॉफ्टवेअर घेतलं, २००६मध्ये त्यांचे आकडे आले, तिथे मृत्यू वाढलेच नाहीत. सॉफ्टवेअर तेच, बसवायची पद्धत वेगळी. पहिल्या अभ्यासावर नंतर बरेच वाद झाले, ते असू देत, पण दोन्ही पेपर तुमच्या बोर्डाच्या मीटिंगला एकदा मोठ्याने वाचून दाखवा, डेमोपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

तर तुमच्यासाठी खरा प्रश्न असा की हे काम कोणाचं? बहुतेक ठिकाणी ते आयटीवाल्याच्या गळ्यात पडतं, आणि तो बिचारा सांगणार कोणाला? सर्जनना तो म्हणू शकतो का की सर, उद्यापासून ऑपरेशन नोट इथेच लिहायची? नाही म्हणू शकत. हे मेडिकल सुपरिंटेंडंटचं काम आहे, त्यांच्या जोडीला मेट्रन हव्यात, आणि ट्रस्टींपैकी एक जण असा हवा जो दर आठवड्याला येऊन बसेल. नुसता सही करणारा नाही. दोन विभागांचं भांडण झालं, लॅब म्हणते सँपल नंबर आमचा चालणार आणि वॉर्ड म्हणतो आमचा, तर त्याच दिवशी निकाल देणारा माणूस तिथे बसलेला पाहिजे, नाहीतर प्रत्येक भांडणाचा निकाल "सध्या दोन्ही ठेवू" असाच लागतो आणि एकत्र सिस्टीम घेऊनही तुमच्याकडे पाच सिस्टीमच राहतात, फक्त बिल एकाच कंपनीचं येतं.

सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी एक काम करा, पेशंटची यादी साफ करा. हे कोणालाच आवडत नाही कारण त्यात उद्घाटन नसतं. तुमच्या पाच ठिकाणच्या याद्या एकत्र केल्या की एकच बाई तीनदा सापडेल. पहिल्या बाळंतपणाला माहेरच्या नावाने केस निघाली, दुसऱ्याला सासरच्या, आणि थायरॉइडचा रिपोर्ट मधलं नाव न लिहिता. गायकवाड इंग्रजीत लिहायच्या चार तऱ्हा आहेत. जन्मतारखेवर विसंबायचं म्हणाल तर आपल्याकडे एका पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मलेले, शाळेत मास्तरांनी घातलेली तारीख, त्यामुळे नाव आणि तारीख दोन्ही जुळूनसुद्धा माणसं दोन वेगळी निघतात. हे उलटं जास्त घातक आहे बरं का, एकाच्या दोन फाइली झाल्या तर जुना रिपोर्ट सापडत नाही एवढंच, पण दोघांची एक फाइल झाली तर एकाचा ब्लड ग्रुप दुसऱ्याला लागतो. त्यामुळे शंका असेल तिथे मशीनला जोडू देऊ नका, माणसाला बघायला लावा. आणि नोंदणीच्या खिडकीवर जो मुलगा बसतो ना, बहुतेक हॉस्पिटलात सगळ्यात कमी पगाराचा तोच असतो, अख्ख्या सिस्टीमचा खरेखोटेपणा त्याच्या हातात असतो. त्याचं ट्रेनिंग आधी करा, सीनियर डॉक्टरांचं नंतर.

कंपनीशी करार करताना दोनच गोष्टींवर अडून बसा. एक म्हणजे आपल्या सरकारचे इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्डचे स्टँडर्ड २०१३मध्ये आले आणि २०१६मध्ये सुधारले, निदानाचे कोड, लॅब टेस्टचे कोड, एक्सरेच्या इमेजचा फॉरमॅट हे सगळं त्यात आहे, त्यातला स्नोमेड सीटी नावाचा शब्दसंच भारतात फुकट वापरता येतो, तर "आमचे स्वतःचे कोड आहेत" असं कोणी म्हणालं की समजून जा. दुसरं, उद्या कंपनी सोडायची झाली तर तुमचा सगळा डेटा कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशात परत मिळणार हे आजच लिहून घ्या. लग्नाच्या बैठकीतच काडीमोड बोलायचा म्हणजे वाईट दिसतं, पण इथे बोलायचा.

आणि ट्रस्टचं हॉस्पिटल आहे म्हणून एक जास्तीचं. हायकोर्टाच्या २००६च्या स्कीमप्रमाणे १० टक्के बेड निर्धन पेशंटना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि बिलिंगच्या २ टक्के रक्कम निर्धन पेशंटसाठीच्या आयपीएफ फंडात, हा हिशेब तुमच्याकडे आज कोणीतरी एक्सेलमध्ये ठेवत असणार. बाहेरच्या राज्यातल्या कंपनीला हे माहीतच नसतं. डेमोत हेच दाखवायला सांगा, बघा तीनपैकी किती उरतात ते.

सुरुवात कधी करायची? जुलै ते सप्टेंबर अजिबात नाही. मलेरिया, डेंग्यू, लेप्टोने वॉर्ड भरलेले असताना नवीन स्क्रीन शिकायला कोणाला वेळ आहे. मार्चअखेर पण नको, अकाउंट्सवाले आधीच रडत असतात. दिवाळी झाली की एका मजल्यापासून सुरू करा, आणि पहिले काही आठवडे ओपीडीचे अपॉइंटमेंट मुद्दाम कमी ठेवा, उत्पन्न थोडं खाली येईल ते बोर्डाने आधीच मान्य केलेलं असू दे.

प्रश्न : ताई, आमच्याकडे सगळं ऑनलाइन झालं असं मॅनेजमेंट बाहेर सांगतं. खरं काय ते सांगते. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आधी कागदावर, मग कॉम्प्युटरला. इंजेक्शनची नोंद दोन्हीकडे. हँडओव्हरचं रजिस्टर वेगळं, स्टॉकचं वेगळं. वॉर्डात तीस पेशंट आणि दोन कॉम्प्युटर, त्यातला एक इनचार्जच्या केबिनमध्ये. ड्युटी संपल्यावर बसून सगळं भरतो. वर आम्हालाच म्हणतात की सिस्टर लोकांना चेंज नको असतो.
– एक स्टाफ नर्स, मुलुंड

सिस्टर, तुम्हाला चेंज नको नाहीये, तुम्हाला एकच काम दोनदा नकोय, यातला फरक कळायला खरं तर एमबीए लागत नाही.

पण एक गोष्ट तुमच्याच भल्यासाठी सांगते. दुपारी दोनला घेतलेलं बीपी तुम्ही रात्री पावणेनऊला भरता तेव्हा सिस्टीम आतल्या आत पावणेनऊचीच वेळ टिपून ठेवते, कोणी भरलं तेही. उद्या एखाद्या पेशंटचं काही झालं आणि वकिलाने तो लॉग मागवला तर असं दिसणार की सहा तास कोणी बघितलंच नाही आणि मग एका झटक्यात पंधरा पेशंटचं भरलं. कागदावर असं दिसत नव्हतं, कॉम्प्युटरवर दिसतं. हे मेट्रनना याच शब्दांत सांगा, "आम्हाला त्रास होतो" म्हटलं तर कोणी ऐकत नाही, "कोर्टात हॉस्पिटल अडकेल" म्हटलं की खुर्च्या हलतात.

कागद बंद का होत नाही याचं उत्तर विचारलंत तर "एनएबीएचवाले (हॉस्पिटलांना दर्जाचं मानांकन देणारे) मागतात" असं येईल. ते मागतात ते नीट वाचता येणारी, तारीख-वेळ-सहीची नोंद, दोन प्रती मागत नाहीत. खरं कारण बहुतेक असं असतं की कोणातरी एका सरांना राउंडला कागदच हातात लागतो आणि त्यांना नाही म्हणायची कोणाची टाप नाही, म्हणून तीसच्या तीस पेशंटचे कागद. वर गिरगावच्या साहेबांना लिहिलंय ते यासाठीच. तुम्ही इनचार्जना घेऊन एक यादी करा, वॉर्डातलं प्रत्येक रजिस्टर, आणि त्याच्यापुढे ते कोण वाचतं त्याचं नाव. काही रजिस्टरांपुढे कोणाचंच नाव येणार नाही बघा. ती आधी बंद करून मागा, तारखेसकट, एका वेळी एक फॉर्म. सगळे कागद एकदम बंद करा म्हटलं तर एकही होणार नाही.

आणि तो केबिनमधला कॉम्प्युटर बाहेर काढायला सांगा. चाकांच्या ट्रॉलीवर कॉम्प्युटर नाहीतर टॅब, पेशंटच्या बेडजवळ, याला एकूण प्रोजेक्टच्या मानाने काहीच खर्च येत नाही आणि तरी बजेट कापताना पहिला तोच कापतात, मला हे कोडं अजून सुटलेलं नाही.

प्रश्न : मी फिजिशियन, वय साठच्या पुढे, चार ठिकाणी अटॅच आहे. चारही ठिकाणी वेगळी सिस्टीम, वेगळा पासवर्ड. पेशंट समोर रडतोय आणि मी ड्रॉपडाउनमध्ये "चेस्ट पेन" शोधतोय. यातून नक्की कोणाचं भलं होतंय?
– एक डॉक्टर, विलेपार्ले

डॉक्टर, तुमची तक्रार खोटी नाही. २०१६मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, पेशंटबरोबरच्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळजवळ दोन तास कॉम्प्युटर आणि टेबलावरच्या कामात जातात असं त्यात निघालं. आणि लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलात तर २००३च्या जानेवारीत शेकडो डॉक्टर इतके वैतागले की नवीकोरी सिस्टीम बंदच करावी लागली. म्हणजे तुमच्यात दम असेल तर परंपरा आहे.

पण मी तुमच्या बाजूने पूर्ण नाही. तुमच्या पिढीच्या चिठ्ठ्या केमिस्टशिवाय कोणाला वाचता येत नव्हत्या, औषधाचं जेनेरिक नाव स्वच्छ, शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहा असं मेडिकल कौन्सिलला २०१६मध्ये नियमातच घालावं लागलं. पेनिसिलिनची ॲलर्जी फाइलच्या आतल्या पानावर लिहिलेली असते आणि कॅज्युअल्टीतल्या आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरला, ती कधीच दिसत नाही, स्क्रीनवर ती लाल रंगात वरच येते. हे भलं पेशंटचं होतं, तुमचं नाही, एवढं मान्य करून टाका म्हणजे राग थोडा उतरेल.

हॉस्पिटलकडून मात्र तीन-चार गोष्टी हक्काने मागा. तुमच्या नेहमीच्या आजारांच्या तयार ऑर्डरी, म्हणजे प्रत्येक वेळी दहा औषधं शोधायला नकोत. राउंडला बरोबर आरएमओ, तुम्ही बोलायचं त्याने लिहायचं आणि शेवटी तुम्ही वाचून सही करायची, वाचून हं, न वाचता नाही. टेबल असं फिरवून घ्या की स्क्रीन पेशंटलाही दिसेल, अर्धा ताण तिथेच जातो, त्यालाच दाखवा की हा बघ तुझा क्रिएटिनिन. फक्त कॉपी-पेस्टच्या वाटेला जाऊ नका. कालची नोट आज चिकटवायची सवय लागली की पाय कापलेल्या पेशंटच्या नोटमध्ये "दोन्ही पायांची हालचाल नॉर्मल" असं छापून येतं आणि खाली सही तुमची असते.

चार ठिकाणचे चार पासवर्ड मात्र सहन करा, त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

प्रश्न : बाबांची किडनी आणि हार्ट दोन्हीची ट्रीटमेंट चालू आहे, किडनीचं एका हॉस्पिटलात, हार्टचं दुसऱ्या. पिशवीभर रिपोर्ट घेऊन मी चेंबूरहून फिरत असते, प्रत्येक जण परत ब्लड टेस्ट करायला लावतो. आभा कार्ड काढलं तर सगळे रिपोर्ट आपोआप सगळीकडे दिसतील का?
– एक वाचिका, चेंबूर

आपोआप नाही, म्हणून आधी अपेक्षा थोडी खाली आणते. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१मध्ये देशभर सुरू झालं, आभा म्हणजे त्यातला तुमच्या बाबांचा १४ आकडी नंबर. पाच लाखांच्या विम्याचं आयुष्मान कार्ड वेगळं, याची गल्लत होते, आभाने बिल कमी होत नाही. सगळे रिपोर्ट दिल्लीत कुठल्या कपाटात जमा होतात असंही नाही, ते त्या त्या हॉस्पिटलकडेच राहतात, आणि दुसऱ्या डॉक्टरने मागितले की मोबाइलवर परवानगीची विचारणा येते, तुम्ही हो म्हटलं तरच दिसतात, तेही ठरावीक मुदतीपुरते. काढायची सक्ती नाही.

अडचण अशी की दोन्ही हॉस्पिटलं त्या मिशनला जोडलेली पाहिजेत आणि बाबांची नोंदणी करताना हा नंबर त्यांनी खरंच घातलेला पाहिजे. काउंटरवर हेच विचारा, "तुमचे रिपोर्ट आभाला लिंक होतात का?" ओपीडीच्या दारातला क्यूआर स्कॅन केला की टोकन मिळतं ते चांगलंय, रांग वाचते, पण त्याचा अर्थ रिपोर्ट जोडले गेले असा नाही. जुने कागद तुम्हालाच फोटो काढून ॲपमध्ये चढवावे लागणार. सगळे चढवू नका, शेवटचं डिस्चार्ज कार्ड, शेवटची टूडी इको, क्रिएटिनिनचे मागचे काही रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी, एवढं पुरे. गोळ्यांची यादी सगळ्यात महत्त्वाची, किडनीवाल्या पेशंटला हार्टवाल्याने दिलेली गोळी चालते की नाही हे दोघांनीही ती यादी बघितल्याशिवाय कळणार कसं.

आणि कोणी रेकॉर्ड द्यायला टाळाटाळ केली तर भांडू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं हे मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांत आहे. अर्जात हा नियम लिहिलेला दिसला की काउंटरमागची भाषा बदलते, अनुभव घेऊन बघा.

प्रश्न : सगळं कॉम्प्युटरवर घातलं आणि हॅक झालं तर? की वीज गेली तर?
– एक वाचक, बोरिवली

दोन्ही झालेलं आहे. २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, पाच सर्व्हर आणि साधारण १.३ टेराबाइट डेटा लॉक झाला, कित्येक दिवस एवढं मोठं हॉस्पिटल हाताने केसपेपर लिहीत होतं. वाचले ते हल्ला न लागलेल्या वेगळ्या बॅकअप सर्व्हरमुळे. आणि मुंबईत वीज जात नाही असं म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२० आठवावा.

म्हणून बॅकअप असा की जो मुख्य नेटवर्कला कायम जोडलेला नसेल, आणि तो परत चढवून बघितलेला असेल, नुसता "घेतो रोज" नाही. सर्व्हर तळमजल्यावर किंवा बेसमेंटमध्ये ठेवायचा नाही, २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पडला होता, त्यानंतर तरी हे सांगायला लागू नये. आणि प्रत्येक वॉर्डात छापील कोऱ्या फॉर्मचा एक गठ्ठा, वर्षातून एक-दोनदा मुद्दाम सिस्टीम बंद करून त्यावर काम करून बघायचं. नव्या सिस्टर आणि आरएमओंना कागदावर ट्रीटमेंट शीट लिहिता येते का हे आधीच कळलेलं बरं.

प्रश्न : मी एमआरडीत (मेडिकल रेकॉर्ड विभागात) क्लार्क आहे. नवीन सिस्टीम आली म्हणून साहेब म्हणतात जुन्या फाइली रद्दीत काढा, जागा पाहिजे. काढू का?
– एक वाचक, दादर

तोंडी सांगण्यावरून एक कागद हलवू नका, लेखी ऑर्डर घ्या. इनडोअर पेशंटचं रेकॉर्ड ट्रीटमेंट सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं, सोनोग्राफीचे पीसीपीएनडीटीचे (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याचे) कागद किमान दोन वर्षं, एमटीपीचं (गर्भपाताचं) ॲडमिशन रजिस्टर शेवटच्या नोंदीचं वर्ष संपल्यापासून पाच. पोलीस केस, कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असलेलं प्रकरण असेल त्या फाइलला निकाल लागेपर्यंत हात लावायचा नाही, त्या फाइली आधी वेगळ्या कपाटात काढा आणि किल्ली स्वतःकडे ठेवा. स्कॅन करणार असाल तर प्रत्येक फाइलमधलं शेवटचं पान आणि मागची बाजू आली की नाही हे बघा, कन्सेंटच्या सह्या बऱ्याचदा मागच्या बाजूला असतात. आणि रद्दीवाल्याला किलोवर द्यायचं तर अजिबात नाही, श्रेडरमधून काढून, यादी करून, दोघांच्या सह्या घेऊन.